आपल्याच लोकांची नाराजी

अमेरिकेतल्या उजव्या विचारांचा गेल्या शतकातला सगळ्यात गाजलेला भाष्यकार म्हणजे विल्यम एफ. बकली. कोल्हापुरात त्याचं नाव घ्यायचं तसं काही कारण नाही. आमच्याकडे व्याख्यानांना गर्दी होते ती शाहू, फुले, आंबेडकरांच्या नावानं. बिंदू चौकाला लाल बावट्याची सवय आहे, आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात वर्षभर काही ना काही परिवर्तनवादी चालूच असतं. अशा गावात जन्म काढलेला, एका दैनिकाचं संपादकीय पान लावता लावता निवृत्त झालेला माणूस रात्री जेवण झालं की मोबाइलवर या बकलीचे जुने कार्यक्रम बघत बसतो, हे आमच्या मित्रमंडळींना काही केल्या पटत नाही. ‘तुला दुसरं कोण गावलं न्हाई व्हय?’ असं विचारतात. डावी मंडळी मी पुष्कळ वाचली, ऐकली, त्यांच्याबरोबर चहा प्यालो. पण भाष्यकाराची किंमत कशावरून करावी, याचा विचार मला या विरुद्ध बाजूच्या माणसानं करायला लावला.

बकलीचा जन्म १९२५ सालचा, न्यूयॉर्कचा. वडील तेलाच्या धंद्यातले, घरात दहा भावंडं, पैसा भरपूर. सांभाळायला मेक्सिकन बाई होती म्हणून पोराला आधी स्पॅनिश आलं, इंग्रजी नंतर. येल विद्यापीठातून बाहेर पडल्या पडल्या, १९५१ साली, त्यानं त्याच विद्यापीठावर पुस्तक लिहिलं. इथले प्राध्यापक पोरांना धर्मापासून आणि खुल्या बाजारापासून तोडतात, अशी तक्रार. मधे काही महिने सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी मेक्सिकोत काम केलं. मग नोव्हेंबर १९५५ मध्ये, तिशी पुरी व्हायच्या आत, ‘नॅशनल रिव्ह्यू’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि पहिल्याच अंकात जाहीर करून टाकलं की, इतिहासाच्या वाटेत आडवं उभं राहून ‘थांबा’ असं ओरडणं हे आमचं काम.

कोल्हापूरच्या माणसाला हे वाक्य वाचून आधी हसू येतं. या गावाचा सगळा अभिमानच मुळी कुणी तरी न थांबल्याचा आहे. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटात पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. तिकडे राजाचं अपेंडिक्स दुखलं म्हणून समारंभ पुढे ढकलला गेला. इकडचा हुकूम काही पुढे ढकलला गेला नाही.

तरीही बकली बघवतो. खुर्चीत अर्धा आडवा झालेला, मांडीवर क्लिपबोर्ड, हातात पेन्सिल, भुवया कपाळाला भिडलेल्या. बोलता बोलता जीभ सापासारखी ओठावर येऊन जाते. माझा भाचा पहिल्यांदा बघून म्हणाला, ‘मामा, ह्यो माणूस असा लोळून का बसलाय? पाठ दुखत्याय काय त्याची?’ ‘फायरिंग लाइन’ नावाचा हा कार्यक्रम १९६६ ते १९९९ असा तेहतीस वर्षं चालला. दीड हजारावर भाग, आणि सूत्रधार शेवटपर्यंत एकटा बकलीच. मागे ना रंगीत पडदा, ना खाली पळणारी पट्टी. समोर बसवलेला माणूस बहुतेक वेळा विरोधी बाजूचा. कधी डावा भाषातज्ज्ञ नोम चॉम्स्की, कधी मुष्टियोद्धा मुहम्मद अली, कधी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचा ह्यूई न्यूटन.

यातला १९६८ चा एक भाग मी भाच्याला मुद्दाम दाखवला. पाहुणा अॅलन गिन्सबर्ग, दाढीवाला कवी, वर्षभर भारतात राहून गेलेला. गप्पा मारता मारता त्यानं चक्क आपली पेटी पुढ्यात ओढली, भाता हलवायला सुरुवात केली आणि डोळे मिटून ‘हरे कृष्ण हरे कृष्ण’ म्हणायला लागला. सूर फार काही लागला नव्हता. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात त्याला टाळ धरून मागे बसवला असता. पण तो गात राहिला आणि बकली गालातल्या गालात हसत ऐकत राहिला. व्हिएतनाम युद्धाचा कट्टर समर्थक, गांजा ओढणाऱ्या पोरांना वैतागलेला कॅथलिक माणूस, स्वतःच्या कार्यक्रमात युद्धविरोधी कवीची पेटी पुरती वाजू देतो. झाल्यावर एक कोटी केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. कॅमेराही घाईत नव्हता. भाच्यानं विचारलं, ‘मधे जाहिरात न्हाई व्हय ह्यात?’

आता आपल्याकडे संध्याकाळी वाहिन्यांवर आठ चौकटींत आठ माणसं बसवतात, त्याला कोल्हापुरात नाव आहे: नुरा कुस्ती. खासबागेत जोड ठरवून लावली तर चार डाव झाले की पब्लिक ओळखतं आणि शिट्ट्या मारायला लागतं. वाहिनीवर कोण शिट्टी मारणार? प्रवक्ते मेकअप पुसून एकाच गाडीतून घरी जातात. बकलीच्या कार्यक्रमात कुस्ती खरी असायची, म्हणजे तोही कधी कधी खाली यायचा. चॉम्स्कीबरोबरचा १९६९ चा भाग बघा. बकली टोमणा मारतो, चॉम्स्की सन-तारखा काढतो, आणि मध्यावर लक्षात येतं की टोमण्यांचा साठा संपत आलाय, तारखांचा नाही.

अर्थात आजच्या आरडाओरड्याचं पाप काही अंशी त्याच्याही पदरात आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. एबीसी ही वाहिनी तेव्हा तिसऱ्या नंबरवर, पूर्ण अधिवेशन दाखवायची ऐपत नाही. म्हणून त्यांनी बकली आणि लेखक गोर व्हिदाल यांना रोज समोरासमोर बसवलं. एका रात्री व्हिदालनं त्याला छुपा नाझी म्हटलं. बकलीचा तोल गेला. व्हिदालच्या समलैंगिकतेवरून घाणेरडी शिवी देऊन तोंड फोडण्याची धमकी दिली, तीही थेट प्रक्षेपणात. दोघांनी मग एकमेकांवर लांबलचक लेख लिहिले, खटले भरले. वाहिनीवाल्यांना मात्र कळायचं ते कळलं: दोन शहाणी माणसं भांडताना लोक जागेवरून उठत नाहीत. शहाणी ही अट पुढे गळून पडली.

पण शैली, विनोद, मोठमोठे शब्द, वीस मिनिटांत कॉलम हातावेगळा करण्याची त्याची फुशारकी, हे सगळं बाजूला ठेवू. १९६२ पासून मरेपर्यंत साडेपाच हजारांवर कॉलम त्यानं लिहिले आणि त्यातले पुष्कळ आज वाचवत नाहीत. विरोधकांना झोडपणारा लेख लिहायला मुळात फार काही लागत नाही. मी तीसएक वर्षं अशा लेखांचं पान लावलंय, मला माहीत आहे. वाचक खूश, मालक खूश, लेखकाला सत्कारात नारळ. अवघड असतो तो आपल्याच वाचकाला न आवडणारा मजकूर.

हे बकलीनं केलं, आणि एकदा नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन बर्च सोसायटी ही संघटना उजव्यांत जोरात होती. तिचा संस्थापक रॉबर्ट वेल्च सांगत सुटला होता की, खुद्द माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हाच कम्युनिस्टांचा हस्तक आहे. बर्चवाले ‘नॅशनल रिव्ह्यू’चे वर्गणीदार होते, देणगीदार होते. नियतकालिक कायम तोट्यात, बकली स्वतःच्या व्याख्यानांचं मानधन त्यात ओतायचा. तरी १९६२ मध्ये त्यानं वेल्चवर लांबलचक लेख चालवला आणि तीन वर्षांनी अख्ख्या संघटनेलाच दार दाखवलं. वर्गण्या बंद झाल्या, शिव्यांची पत्रं आली. पत्रं कशी असतात त्याची मला कल्पना आहे.

पुढे पनामा कालवा. राष्ट्राध्यक्ष कार्टरनं १९७७ मध्ये कालवा पनामाला परत देण्याचे करार केले तेव्हा सगळा उजवा पक्ष पेटला होता, आणि त्यांचा पुढारी होता रोनाल्ड रेगन, बकलीचा घरचा मित्र. बकलीनं करारांना पाठिंबा दिला. जानेवारी १९७८ मध्ये टीव्हीवर दोघांची समोरासमोर चर्चा झाली. रेगननं मिश्कीलपणे विचारलं, अजून धावत येऊन चूक पटली असं कसं म्हणत नाहीस? बकली म्हणाला, जवळ आलो तर माझ्या ज्ञानप्रकाशानं तुझे डोळे दिपतील अशी भीती वाटते. दोघंही हसले आणि मैत्री टिकली. १९९६ मध्ये त्याच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’नं जाहीर केलं की अमली पदार्थांविरुद्धची लढाई आपण हरलोय. वाचकवर्ग सगळा ‘कायदा आणि सुव्यवस्था’वाला. शेवटी शेवटी इराकच्या युद्धाबाबतही त्यानं बुशच्या माणसांना सुनावलं.

(महापौरपदाच्या निवडणुकीचा किस्सा सगळे सांगतात म्हणून मीही सांगून टाकतो. १९६५ मध्ये तो न्यूयॉर्कला उभा राहिला. निवडून आलात तर पहिलं काय कराल, असं विचारल्यावर म्हणाला, फेरमतमोजणी मागेन. मतं पडली तेरा टक्क्यांच्या थोडी वर.)

आमच्या पानावर एक सदर लिहिणारे काका होते. पेठेतलं जुनं घर, सकाळी अंबाबाई, मग तालमीच्या कट्ट्यावर पेपर. आरक्षणापासून स्त्रियांच्या नोकरीपर्यंत त्यांची मतं मला कधीच पटली नाहीत आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मजकूर पाठकोऱ्या कागदावर यायचा, लग्नपत्रिकांच्या, वीजबिलांच्या मागं, बारीक निळ्या अक्षरात. ऑपरेटर पोरगा वैतागायचा, कारण काका जागा संपली की समासात उभं लिहायचे. २००५ चा पूर आला आणि ओसरला. त्या आठवड्याचा लेख त्यांनी स्वतः जिना चढून आणून दिला. ‘कापू नका,’ एवढंच म्हणाले.

लेख पूररेषेवर होता. म्हणणं असं: आपल्या आजा-पणज्यांनी नदीच्या अंगाला, नाल्याच्या काठाला घरं बांधली नाहीत, ती अडाणी होती म्हणून नव्हे. पंचगंगेला पावसाळ्यात पसरायला जागा लागते हे त्यांना ठाऊक होतं. त्या जागेवर भराव टाकून प्लॉट पाडणारे आणि ते घेणारे, दोघांनाही रूढी मोडल्याचं पाप लागेल. यातला शेवटचा शब्द सोडला तर कुठल्याही पर्यावरणवाल्यानं सही केली असती. पण काकांचा वाचक पर्यावरणवाला नव्हता. तो व्यापारी होता, वकील होता, निवृत्त साहेब होता, आणि त्यातल्या पुष्कळांनी त्याच पट्ट्यात जागा घेऊन ठेवल्या होत्या. दोन दिवस टेबलावरचा फोन थांबला नाही. ‘आमचंच खाऊन आमच्यावरच भुंकाय लागलाय का म्हातारा?’ एकानं तर ‘ते आता डावे झाले काय?’ असंही विचारलं. त्या वर्षी काकांना गणेशोत्सवाच्या व्याख्यानांची आमंत्रणं कमी आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी सदरात तोच विषय पुन्हा घेतला.

मी आयुष्यात त्यांचा एवढा एकच लेख डोळे झाकून पहिल्या मथळ्याला लावला. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी आहे त्रेचाळीस. भराव टाकलेल्या वस्त्यांत लोक पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरले. काका तेव्हा नव्हते. त्यांच्या लेखानं एक प्लॉट कमी विकला गेला असेल असं मला वाटत नाही.

हीच मोजपट्टी आता बकलीला लावायची तर १९५७ सालाशी थांबावं लागतं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला मतदान करता येऊ नये म्हणून शंभर युक्त्या चालू होत्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’नं अग्रलेख लिहिला: जिथं गोरे संख्येनं कमी आहेत तिथंही सत्ता त्यांच्याच हाती राहायला हवी का? उत्तर, हो, कारण सध्यापुरती तरी तीच पुढारलेली जमात आहे. हा अग्रलेख बकलीचा. कुठल्या वर्गणीदाराला खुपावं असं त्यात काही नव्हतं. बर्चवाल्यांशी पुढे पाच वर्षांनी पंगा घेणारा माणूस इथं दक्षिणेतल्या जमीनदारांना त्यांच्याच मनातलं छान इंग्रजीत लिहून देत होता. त्यातलं ‘सध्यापुरती’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला शाहू महाराजांच्या घोड्यांची गोष्ट माहीत असते. शिष्यवृत्त्या लायकी बघून द्या म्हणणाऱ्या पाहुण्याला महाराजांनी पागेत नेलं, हरभरे एकत्र पसरायला लावले आणि घोडी सोडली. धट्टीकट्टी घोडी सगळं फस्त करून गेली, लंगडी-अशक्त मागं राहिली. गोष्ट घडली तशी असेल किंवा रंगवलेली असेल, पण ‘सध्यापुरतं’ म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर तिच्यात आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये बकली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे लेखक जेम्स बाल्डविनच्या विरुद्ध उभा राहिला. हे तेच केंब्रिज, ज्यानं १९०२ मध्ये आमच्या महाराजांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली होती. विषय होता, अमेरिकन स्वप्न काळ्यांच्या जिवावर उभं आहे का. बाल्डविन हार्लेममध्ये वाढलेला, आवाज न चढवता बोलला: रेल्वे मी घातली, कापूस मी वेचला, फुकट. पोरं उठून उभी राहिली. मग बकली. त्याच्या भाषणात मधेच कुणी तरी ओरडलं, मिसिसिपीत त्यांना मत तरी द्यायला द्या. बकली लगेच म्हणाला, मिसिसिपीचं दुखणं काळ्यांना पुरेशी मतं नाहीत हे नाही, गोरेच जास्त मतदान करतात हे आहे. सभागृह हसलं.

ते हसू मी बऱ्याचदा मागं नेऊन ऐकलंय. उत्तर हजरजबाबी होतं यात शंका नाही. पण तेवढ्या एका सेकंदात प्रश्न हवेत विरला. ज्याला रांगेतून हाकलून दिलं त्याचं काय, हे राहूनच गेलं. ज्या विनोदानं तो रेगनसमोर खरं बोलू शकला, त्याच विनोदानं त्यानं इथं सुटका करून घेतली. निकाल ५४४ विरुद्ध १६४, बाल्डविनच्या बाजूनं. आणि १९८६ मध्ये एड्सच्या रोग्यांना गोंदवून ठेवा अशी सूचना त्यानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये केली, तिच्यात तर विनोदही नव्हता.

२००४ मध्ये एका मुलाखतीत बकली म्हणाला की वंशभेद आपोआप हळूहळू सुटेल असं मला वाटायचं, ते चुकलं. केंद्रानं हात घालणं गरजेचंच होतं. चार वर्षांनी, २७ फेब्रुवारी २००८ ला, कनेक्टिकटमधल्या घरी लिहायच्या खोलीतच गेला.

मिरजकर तिकटीजवळ आम्ही चारजण संध्याकाळी चहाला जमतो. त्यात एक निवृत्त सर आहेत, पक्के उजवे, आणि माझ्या ओळखीत बकलीची पुस्तकं विकत घेतलेला एकमेव माणूस. मी १९५७ चा विषय काढला की ते पेला खाली ठेवतात.

‘सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, म्हणाला की नाही चुकलो म्हणून? तुमच्यातलं कोण म्हणालं?’

‘सर, सत्तेचाळीस वर्षांत किती माणसं मत न देता मेली?’

‘ते सोडा. नाव सांगा.’

मी पानसरे अण्णांचं नाव घेतलं. कामगार, मोलकरीण, फेरीवाले यांत उभं आयुष्य घालवलेला कम्युनिस्ट. पण १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका काढली ती नुसती विरोधकांसाठी नव्हती. आपल्या पोथीनिष्ठ कॉम्रेडांनाही ती सांगत होती की, रयतेचा हा राजा तुम्ही दुसऱ्यांच्या हाती सोडलात. लाखावर प्रती खपल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या काही वाचकांच्या पत्रव्यवहारात मोडत नाहीत. सर गप्प झाले. पानसरेंबद्दल सर कधी वाकडं बोलत नाहीत. मत जुळत नव्हतं, पण त्यांची व्याख्यानं पुढच्या रांगेत बसून ऐकलेली आहेत.

‘पानसरेंचं मान्य,’ ते थोड्या वेळानं म्हणाले. ‘पण त्यांच्या पक्षाचं? आणीबाणीत कुणाच्या बाजूला होता?’

हे बरोबर होतं. १९७५ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष इंदिरा गांधींच्या मागे उभा राहिला. समाजवादी, जनसंघवाले, मार्क्सवादी तुरुंगात असताना. चूक झाल्याचं पक्षानं कबूल केलं ते १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात. मी म्हटलं, तीन वर्षांत केलं, सत्तेचाळीस नाही लागली. सर म्हणाले, निवडणुकीत आपटल्यावर केलं, बकली काही कुठली निवडणूक हरून कबूल झाला नव्हता. त्यावर मी म्हटलं, हरला होता की, न्यूयॉर्कला. तोवर चहावाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं, आणि पैसे कुणी द्यायचे यावर आमचं नेहमीचं सुरू झालं.